तगमगीचा आकडा

संयोगिता पाटोळेला नातेवाईक आवडत नसत. म्हणजे पेशंटचे नातेवाईक. तिचं स्वतःचं असं आईशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि ती आईही तिकडे सावळजला राहायची.

इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने नातेवाइकांचे सगळे प्रकार पाहिले होते. ऑपरेशन होऊन पेशंट नीट शुद्धीवर येतो न येतो तोच त्याच्या तोंडात शहाळ्याची नळी खुपसणारे. सलाइन संपायच्या आधीच ‘सिस्टर, संपली, संपली’ म्हणून कॉरिडॉर डोक्यावर घेणारे. खाटेच्या दोन्ही बाजूंना बसून शेताच्या बांधावरून भांडणारे. ‘रंग किती उतरलाय हो तुमचा’ असं तोंडावर सांगून पेशंटचा उरलासुरला रंगही उतरवणारे. भेटीची वेळ संपली की संयोगिता वॉर्डाच्या दारात उभी राहायची आणि एकेकाला बाहेर काढायची. पोरी तिला मागून ‘फाटक सिस्टर’ म्हणायच्या. एका नव्या डॉक्टरला तर बरेच दिवस ते तिचं आडनावच वाटत होतं.

मिरजेबाहेर मालगाव रस्त्याला ते रुग्णालय नव्याने उभं राहिलं तेव्हा संयोगिता तिथे इनचार्ज म्हणून आली. आणि तिथेच तिला सूचक पट्टी भेटली.

पट्टी जुन्या रुपयाएवढी, दंडाला चिकटवायची. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया असत. त्या कातडीखालच्या अगदी वरवरच्या रक्तवाहिन्यांपर्यंतच पोचायच्या, त्यामुळे दुखत नसे. सुयांच्या टोकांवर प्रयोगशाळेत घडवलेले रेणू बसवलेले. एका जातीचा रेणू रक्तातल्या फक्त कॉर्टिसॉलला धरायचा, दुसऱ्या जातीचा साखरेला, तिसऱ्या जातीचा अंगात सूज असली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनांना. धरलं की पट्टीतल्या विजेत किंचित फरक पडायचा. तो मोजायचा, धरलेलं सोडून द्यायचं, पुन्हा धरायचं. असं दिवसभर चालायचं.

‘माणूस घाबरला, दुखावला, कळवळला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात,’ डॉक्टर सारंग देशिंगकरांनी प्रशिक्षणात सांगितलं होतं. पट्टी रुग्णालयात आणली ती त्यांनीच. ‘थोडा वेळ ते बरंच असतं. वाघ मागे लागला तर पळायला बळ लागतं. पण वाघ रोजच खाटेशी बसलेला असेल, तर हेच रसायन साखर चढवतं, पांढऱ्या पेशींना सुस्त करतं आणि जखम भरू देत नाही. घाबरलेल्या पेशंटची जखम उशिरा भरते हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. फक्त कोण किती घाबरलाय ते कळायचं नाही. रक्त सकाळी काढायचो, रिपोर्ट संध्याकाळी यायचा. तोवर पेशंट दुसऱ्याच कशानं तरी घाबरलेला असायचा!’

‘सर,’ मागून एका पोरीने विचारलं, ‘मॅच बघतानापण वाढेल की हे!’

सगळे हसले. डॉक्टरही हसले. ‘वाढेल ना. भीतीनं वाढेल, रागानं वाढेल, कोणाची आतुरतेनं वाट बघताना वाढेल. रक्ताला कारण कळत नाही, जोर कळतो. म्हणून पेशंटला मॅच दाखवू नका.’

या सगळ्या मोजमापांचा मिळून एकच आकडा पडद्यावर यायचा. कागदोपत्री त्याचं नाव होतं ताणनिर्देशांक. पण सिस्टरांना एवढं लांबलचक कोण म्हणणार? त्यांनी त्याला ‘तगमग’ म्हणायला सुरुवात केली. ‘सहा नंबरची तगमग चढलीय गं, बघ जरा.’ आकडा कमी असला की हिरवा, चढला की लाल; पट्टीचा रंगही तसाच बदलायचा.

संयोगिताचा सुरुवातीला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण वॉर्डात एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती, हातही हलत नव्हता. चेहरा निर्विकार. तपासणीत सगळं ठीक. तरी रोज चादरी बदलून झाल्या की त्यांची तगमग लाल व्हायची. संयोगिता एकदा त्यांच्या खाटेशी तळ ठोकून बसली, तेव्हा तिला दिसलं की चादर खोचताना लघवीची नळी गादीखाली दुमडली जाते. बिचाऱ्याचं पोट फुगून कळा येत असणार आणि सांगायची सोय नाही. तिने नळी मोकळी केली आणि आकडा तिच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून संयोगिता पट्टीची झाली.

पुढे पट्टीने आणखी एक गोष्ट शिकून घेतली. कोणती सिस्टर खाटेजवळ गेली की कोणाची तगमग उतरते, हे ती टिपू लागली. एखादीच्या हाताने एका पेशंटचं रक्त शांत व्हायचं, तर दुसऱ्याचं उसळायचं. त्यात कौशल्याचा संबंध नसे. आवाज, वास, चालण्याची पद्धत, पेशंटला कोणाची तरी आठवण होणं, काय काय असेल देव जाणे. पण यंत्राला कारणाशी कर्तव्य नव्हतं. ते जुळणी काढायचं आणि त्याप्रमाणे ड्यूट्या लागायच्या. ‘काय गं, अकरा नंबरच्या आजोबांशी पत्रिका जुळली म्हणे तुझी!’ अशी चेष्टा चालायची. सिस्टरांच्या दंडालाही पट्ट्या आल्या, कारण धास्तावलेली सिस्टर पेशंटलाही धास्तावून सोडते हे आकड्यांतून दिसलं होतं. एखादी लाल झाली की तिला शांत करणाऱ्या दुसऱ्या सिस्टरच्या मनगटावरच्या छोट्या पडद्यावर यंत्रच निरोप धाडायचं.

ड्यूटी बदलताना पूर्वी सिस्टरा खाटेखाटेपाशी उभ्या राहून ओव्हर द्यायच्या: हिला रात्री झोप नाही, यांचा मुलगा आज येणार आहे, ह्या बाईंना कुशीवर वळवताना डावा खांदा जपा. ते बंद झालं. पडद्यावर सगळं असायचंच. आता ओव्हरला कोणी तोंड उघडत नसे.

आणि मग एका बैठकीत संयोगिताने तोंड उघडलं.

‘सिस्टरांची जुळणी काढता, मग नातेवाइकांची का नाही?’ ती म्हणाली. ‘खरी तगमग तर ते करतात. दारातच कार्ड लावून आत सोडा. कोण आल्यावर पेशंटचा आकडा किती चढला ते कळू द्या. तीनदा लाल झाला की त्या माणसाला पेशंट घरी जाईपर्यंत दार बंद.’

डॉक्टर देशिंगकरांनी टेबलावर थाप मारली. ‘सिस्टर, हे आम्हाला का सुचलं नाही?’

तिला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं ती जे घसा फोडून सांगत आली होती, ते आता रक्त सांगणार होतं. आणि नियमाचा गुण आला, हेही खरं. जखमा लवकर भरू लागल्या, पेशंट लवकर घरी जाऊ लागले, दूरदूरची माणसं रुग्णालय बघायला येऊ लागली. दाराबाहेर डबा घेऊन ताटकळणाऱ्यांना संयोगिता शांतपणे सांगायची, ‘आम्ही नाही, तुमच्याच माणसाचं रक्त नको म्हणतंय.’ मग माणसं डबा घेऊन परत फिरायची.

सावळजला बेदाण्याच्या शेडवर पाय घसरून मालनबाई पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. संयोगिताने आईला आपल्याच रुग्णालयात आणलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण साखर चढलेली, जखम ओलसर राहत होती. यंत्राने जुळणी काढली तेव्हा त्यांच्या वाट्याला ओवी आली. ओवी गेल्याच वर्षी लागलेली, मऊ हाताची, हळू बोलणारी मुलगी. तिने दंडावर हात ठेवला की मालनबाईंचा आकडा उतरायचा.

संयोगिता ड्यूटी संपवून पहिल्यांदा आईजवळ गेली, तेव्हा मालनबाई दाराकडेच बघत होत्या.

‘आलीस व्हय? बस की. किती वाळलीस गं. खाल्लंस का काय?’

‘खाल्लं. तुला दुखतंय का?’

‘माझं मरू दे.’ मालनबाईंनी उशीखाली हात घातला आणि कागदी रुमालात गुंडाळलेला राजगिऱ्याचा अर्धा लाडू बाहेर काढला. ‘घे. तुझा वाटा ठिवलाय.’

त्यांच्या घरात ती रीतच होती. घरातलं कोणी बाहेर असलं की आधी त्याचा वाटा निघायचा, त्यावर ताटली झाकली जायची, मगच बाकीचे जेवायचे. संयोगिता नर्सिंगच्या हॉस्टेलला गेली तेव्हासुद्धा रविवारी तिच्या मटणाचा वाटा निघायचा आणि सोमवारी तो शेजारच्या पोरांना मिळायचा. वडील हसायचे, ‘अगं, ती मिरजेत हाय, ताटली कशाला झाकतीस?’ मालनबाई म्हणायच्या, ‘झाकली म्हंजे ती येती असं वाटतंय.’

‘आई, पेशंटचं खाणं आम्हाला चालत नाही,’ संयोगिता म्हणाली. ‘आणि तू अर्धंच खाल्लंस तर ताकद कुठून येणार? जखम भरायला नको?’

‘टाक गं तोंडात. कोण बगतंय?’

तिथे सगळंच बघणारं होतं. खाटेच्या वर पडद्यावर आकडा चढत होता. मालनबाईंनी लाडू पुढे केला, संयोगिताने त्यांचा हात हलकेच मागे सारला, आकडा आणखी चढला आणि लाल झाला.

संयोगिताने हात मागे घेतला. कारण तिला वाटलं, हे कशामुळे ते आपल्याला माहीत आहे.

महापुराच्या वर्षी ती पेशंट वरच्या मजल्यावर हलवत होती तेव्हा तिकडे सावळजला तिचे वडील गेले. रस्ते पाण्याखाली. पाणी उतरून ती घरी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. मालनबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. लेकीकडे न बघताच म्हणाल्या, ‘आता कशाला आलीस?’ त्यानंतर मायलेकी फोनवर बोलायच्या. बीपीच्या गोळ्यांबद्दल, पावसाबद्दल, बागेच्या छाटणीबद्दल. त्या वाक्याबद्दल कधीच नाही. संयोगिताला वाटायचं, आईने मनातून आपल्याला माफ केलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नव्हती. आता न विचारता उत्तर पडद्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. जाण्याआधी तिने आपल्या केबिनमध्ये आईचा आलेख उघडून पाहिला, तर तिची ड्यूटी संपायची वेळ जवळ येऊ लागली तशी रेघ आधीपासूनच वर चढायला लागली होती. मी येणार या नुसत्या विचाराने हिचा जीव घाबरतो, तिच्या मनात आलं. ती गेली. मालनबाईंनी पुन्हा रुमाल काढला, पुन्हा ‘वाळलीस’ म्हणाल्या, मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं. संयोगिताचं अर्धं लक्ष पडद्याकडे. आकडा लाल झालेला बघून ती घाईने उठली. ‘पड आता तू. नंतर बोलू.’

‘जरा थांब की गं...’

‘तुला त्रास होतोय, आई. दिसतंय मला.’

तिसऱ्यांदा लाल झाल्यावर डॉक्टर देशिंगकरांनी तिला बोलावून घेतलं. ते अवघडले होते. ‘सिस्टर, यंत्रानं त्यांच्या खोलीसाठी तुमचं कार्ड बंद केलंय. पण तुम्ही इथल्या इनचार्ज. तुमच्यासाठी अपवाद करायला माझी काही हरकत नाही.’

हो म्हणणं सोपं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेली कितीतरी माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली, ज्यांना तिने त्याच शांत आवाजात परत पाठवलं होतं.

‘नियम मी मांडलाय, सर,’ ती म्हणाली. ‘माझ्यासाठी मोडला तर उद्या दारात कोणत्या तोंडानं उभी राहू? आणि रक्त काही खोटं बोलत नाही ना?’

‘खोटं नाही बोलत,’ डॉक्टर म्हणाले. ‘त्यांची साखरही त्याच वेळी चढते. जखमेसाठी म्हणाल तर हेच बरं.’

‘मग झालं.’

आईसाठी एवढंच आपल्या हातात आहे, तिच्यापासून लांब राहणं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर त्यात थोडा रागही होता. ‘आता कशाला आलीस’ म्हणालीस ना, मग नाही येत. पन्नाशीच्या बाईच्या मनात असं पोरकट काही येऊ नये, पण आईच्या बाबतीत कोणाचं वय वाढतं?

मग ती केबिनमधून आलेख बघत राहिली. रोज ड्यूटी सुटायच्या सुमाराला आईची रेघ वर जायची, बराच वेळ वरच रेंगाळायची आणि मग हळूहळू उतरायची. ताटाच्या रकान्यात ‘अर्धं’ असं यायचं. संयोगिता ओवीला बजावायची, ‘तिला माझं नाव काढू देऊ नकोस. विषय बदल. पूर्ण जेवायला लाव.’ ओवी मान डोलवायची. कोणत्या विषयाने तगमग चढते ते टिपून तो टाळायचा, हे तिला प्रशिक्षणातच शिकवलेलं होतं.

दिवसागणिक ती चढण कमी होत गेली. आणि एका मंगळवारी रेघ चढलीच नाही. ड्यूटी सुटली, तरी सपाट. ताटाच्या रकान्यात पहिल्यांदाच ‘पूर्ण’ आलं होतं. दुसऱ्या दिवशीही पूर्ण. जखम कोरडी होऊ लागली, साखर ताळ्यावर आली.

संयोगिताला आनंदाने रडू आलं. तिने केबिनचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडली. आई बरी होत होती. आपण लांब राहिलो त्याचं चीज झालं. आता ती घरी जायच्या दिवशी आपणही रजा टाकून सोबत जायचं. सावळजच्या घरी पडदा नाही, पट्टी नाही. तिथे तिच्याजवळ बसायचं आणि पुराच्या वर्षीचं सगळं बोलून टाकायचं. रस्ता कुठे कुठे बुडाला होता, आपण ट्रॅक्टरवर बसून कुठवर आलो होतो आणि कुठून मागे फिरावं लागलं, हे तिने आईला कधी सांगितलंच नव्हतं. तिला चिडू दे, रडू दे, तोंडाला येईल ते बोलू दे. तोवर जखम भरलेली असेल.

मालनबाई भर दुपारी गेल्या. पायातल्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली. खुब्याच्या ऑपरेशननंतर सगळी काळजी घेऊनही कधीकधी असं होतं, आणि झालं की फार वेळ मिळत नाही. संयोगिता खालच्या मजल्यावरून धावत आली. आईच्या खोलीच्या दाराला तिने कार्ड लावलं. दारावरचा दिवा लाल झाला. तिने पुन्हा लावलं. पुन्हा लाल. काचेतून तिला डॉक्टरांच्या पाठी आणि त्यांच्यामधून आईचा एक पाय दिसत होता. तिने दारावर मुठी मारल्या. कोणीतरी आतून धावत येऊन दार उघडलं, तोवर डॉक्टर खाटेपासून मागे सरकले होते.

ओवी मालनबाईंचा हात धरून बसली होती. तिने तो हात संयोगिताच्या हातात दिला आणि बाजूला झाली.

आईचे दिवस झाल्यावर संयोगिता कामावर रुजू झाली. डॉक्टर देशिंगकरांनी तिला आपल्या खोलीत बसवलं, ओवीलाही बोलावलं, चहा मागवला. ते मनाने वाईट नव्हते. त्यांना खरोखरच तिला काहीतरी दिलासा द्यायचा होता.

‘सिस्टर, गुठळीपुढे आपला इलाज नव्हता. पण एक गोष्ट तुम्ही बघावी असं मला वाटतं.’ त्यांनी भिंतीवर मालनबाईंचा आलेख उघडला. ‘आल्या तेव्हाची ही तगमग बघा. आणि हा शेवटचा आठवडा. इतकं शांत रक्त या वयाच्या पेशंटमध्ये मी पाहिलेलं नाही. तुमच्या आई अगदी समाधानात गेल्या. पुढच्या महिन्यात आमची परिषद आहे, तिथे नाव न घेता हा आलेख दाखवायची परवानगी द्याल?’

संयोगिता रेघेकडे बघत होती. रोजची ती चढण, हळूहळू बुटकी होत गेलेली. मग सपाट. ‘या मंगळवारी काय झालं होतं?’ तिने सहज विचारलं.

‘मला आठवतंय,’ ओवी उत्साहाने म्हणाली. आजींबद्दल चांगलं काही सांगायला मिळतंय याचा तिला आनंद झाला होता. ‘त्या दिवसापासून आजी पूर्ण जेवायला लागल्या. त्याआधी लाडू म्हणा, केळं म्हणा, अर्धं बाजूला काढायच्या. कागदात गुंडाळून उशीखाली. माझी पोरगी ड्यूटीवरनं येईल, उपाशी आसंल, म्हणायच्या. मी रोज संध्याकाळी ते टाकून द्यायचे, शिळं नको खायला म्हणून. तुमचं विचारलं की मी सांगायचे, सिस्टर ड्यूटीवर आहेत. मग विषय बदलायचे, तुम्ही सांगितलं होतं तसा.’

‘आणि मंगळवारी?’

‘मंगळवारी त्यांनी अख्खा लाडू खाल्ला. मी म्हटलं, अरे वा आजी, आज वाटा नाही काढला? तर म्हणाल्या, आता कुणासाठी ठिवू? त्या पुराच्या वक्ताला मी तिला नगं ते बोलले. म्हातारा गेल्याच्या रागात बोलले. ते तिनं मनात धरलंय, आता ती यायची न्हाई.’ ओवीने क्षणभर आठवून पाहिलं. ‘मग काही नाही. शांत झोपल्या. त्या दिवसापासून एकदाही तगमग झाली नाही.’

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं, मग चहाच्या कपाकडे.

संयोगिताच्या कानात गरम वारा भरल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी चढणारी ती रेघ. भीतीनं वाढेल, रागानं वाढेल, कोणाची आतुरतेनं वाट बघताना वाढेल. ती तिथेच बसली होती प्रशिक्षणाच्या त्या दिवशी, पहिल्या रांगेत. आई रोज तिची वाट बघत होती आणि ती खालच्या मजल्यावर बसून ते वाट बघणं मोजत होती. आणि ज्या दिवशी आईने लेकीवर पाणी सोडलं, त्या दिवशी ती केबिनचं दार लावून आनंदाने रडली होती.

ती उठली. खुर्ची मागे पडली. तिला काहीतरी फोडायचं होतं. भिंतीवरची ती रेघ, ते दार, सगळ्या वॉर्डातले पडदे. ‘उघडा,’ ती ओरडली, ‘सगळी दारं उघडा! आत सोडा सगळ्यांना!’ तिच्या दंडावरची पट्टी लाल झाली होती. ओवीच्या मनगटावरचं यंत्र थरथरलं आणि त्यावर नाव उमटलं: पाटोळे सिस्टर. जुळणी उत्तम.

ओवीने शिकवल्याप्रमाणे केलं. ती जवळ आली, तिने संयोगिताच्या दंडावर हात ठेवला, आणि दुसरा पाठीवर. ‘श्वास घ्या, सिस्टर. हळू. मी आहे.’

‘सोड मला.’

‘हो, सोडते. आधी श्वास घ्या.’

हात मऊ होता, कोमट होता. त्या हाताची काही चूक नव्हती. संयोगिताने तो झटकला, पण तो पुन्हा तिथेच आला, तितक्याच हळुवारपणे. तिला रडायचं होतं, ओरडायचं होतं, निदान आजचा दिवस तरी आईसाठी जळत राहायचं होतं. पण तिचं रक्त तिला विचारत नव्हतं. खांदे सैल पडले. कानातला वारा ओसरला. ओवीच्या मनगटावरचा आकडा उतरताना तिला दिसत होता, आणि तो उतरतोय याची तिला शरम वाटत होती. मग ती शरमही उतरली.

‘छान,’ ओवी म्हणाली. आईलाही ती असंच म्हणत असणार.

डॉक्टरांनी खुर्ची उचलून सरळ केली. आलेख मिटवला. परवानगीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि ती नाही म्हणाली नाही.

संयोगिताच्या मनगटावर पुढचं काम आलं. नऊ नंबरच्या दारात नातेवाईक थांबले आहेत, परत पाठवा.

ती चालत गेली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती, हातात स्टीलचा डबा. कार्ड लावून लावून दमलेली. ‘सिस्टर, आज तरी सोडा की. आई हाय माझी. मी नुसती लांबनं बघते, बोलणार न्हाई.’

या खोलीला संयोगिताचं कार्ड बंद नव्हतं; दार उघडायला तिला नुसतं बटण दाबायचं होतं. हात उचलला की बटण. हे दार उघडायलाच हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण थोड्या वेळापूर्वी जे तिला खुर्चीतून उठवून गेलं होतं, ते आता अंगात कुठेच सापडत नव्हतं. ती शोधत राहिली आणि तिचं तोंड सवयीने बोलून गेलं.

‘आज नको. उद्या बघू.’

बाईने मान खाली घातली. मग डबा पुढे केला. ‘मग एवढं तरी द्या आत. घरात पुरणपोळ्या केल्यात. तिचा वाटा काढून आणलाय.’

संयोगिताने डबा घेतला. बाई पायऱ्या उतरून गेली तरी ती तो धरून दारात उभी होती. डबा अजून गरम होता. दंडावरची पट्टी हिरवीच राहिली.